हवा तसा पॉवर सप्लाय मिळवायचा तर आधी एक स्वतः गुंडाळून बघा

कॅटलॉगमध्ये न मिळणारा एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय, म्हणजे वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर चालणारा सप्लाय) हवा असला की लोक बहुधा दोनपैकी एक वाट धरतात. काही जण "२४ व्होल्ट, ५ अँपिअर, आकार लहान" एवढी एक ओळ चार पुरवठादारांना पाठवतात आणि येईल त्या कोटेशनवर निर्णय घेतात. काही जण आयसीच्या डेटाशीटमधलं नमुना सर्किट उचलतात आणि थेट बोर्ड बनवायला टाकतात. मी सप्लाय डिझाइन करण्याचं काम केलं आहे, आणि पुढे उपकरणं बनवणाऱ्यांच्या बाजूला बसून सप्लाय बनवून घेण्याचंही. दोन्हीकडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. तुम्हाला शेवटी विकतच घ्यायचा असला तरी एक लहान फ्लायबॅक सप्लाय (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून पुढे सोडणारा एसएमपीएस) स्वतः गणित करून, स्वतः गुंडाळून, चालवून, तापवून बघा. त्यानंतर पुरवठादाराशी तुमचं बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं. त्याने पाठवलेल्या कागदावर काय लिहिलंय हे कळतं, आणि काय लिहिलेलं नाही हेही कळतं.

सुरुवात लोडपासून

सप्लायचा विचार सुरू करण्याआधी तुमचं उपकरण खरोखर किती करंट घेतं ते मोजा. मल्टिमीटरवर दिसतो तो सरासरी आकडा असतो, आणि तो फसवतो. थर्मल प्रिंटर, पंप, सोलेनॉइड, मोबाइल मॉडेम अशा गोष्टी थोडा वेळ भरपूर करंट ओढतात आणि मग शांत होतात. ऑसिलोस्कोपला करंट प्रोब लावा. प्रोब नसेल तर वायरमध्ये ०.०१ ओहमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) टाका आणि त्याच्यावरचं व्होल्टेज बघा. तीन आकडे लिहून ठेवा: सरासरी करंट, सर्वांत मोठा करंट, आणि तो किती मिलिसेकंद टिकतो.

एका तपासणी यंत्राचं उदाहरण सांगते. सरासरी करंट १ अँपिअर आणि प्रिंटर चालला की ४ अँपिअर. पहिल्या बैठकीत सगळे ५ अँपिअरचा सप्लाय धरून चालले होते. हा ४ अँपिअरचा काळ मोजल्यावर ठरलं की सप्लाय तापण्याच्या हिशेबाने २ अँपिअरचा पुरतो, फक्त त्याची करंट लिमिट ५ अँपिअरच्या वर ठेवायची आणि तेवढ्या करंटला ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेट होऊ (त्याचा कोअर चुंबकीयदृष्ट्या काठोकाठ भरू) द्यायचा नाही. खोक्याचा आकार त्यामुळे जवळजवळ निम्म्यावर आला.

मोटर असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: ब्रेक लावल्यावर ती ऊर्जा उलट सप्लायकडे येते का? येत असेल तर आउटपुटचं व्होल्टेज वर चढतं, ओव्हरव्होल्टेज संरक्षण चालू होतं आणि यंत्र मध्येच बंद पडतं. मग सगळे सप्लायला नावं ठेवतात, जरी त्याने आपलं काम चोख केलेलं असतं.

कस्टम खरंच हवा का

पुष्कळदा नको असतो. मीन वेल किंवा टीडीके-लॅम्बडासारख्या कंपन्यांची ओपन फ्रेम (बिनखोक्याची) मॉडेल इतक्या प्रकारांत मिळतात की यंत्राच्या खोक्यात दोन सेंटीमीटर जागा वाढवली तर काम भागतं. दुसरी पायरी म्हणजे तयार मॉडेलमध्ये बदल करून घेणं: आउटपुट २४ ऐवजी २२ व्होल्टवर लावून देणं, वेगळा कनेक्टर, लांब वायरी, दमट हवेसाठी बोर्डवर कोटिंग. मूळ सुरक्षा प्रमाणपत्र बहुतेक वेळा यात टिकून राहतं, आणि हाच मोठा फायदा. पूर्ण नवीन डिझाइन तेव्हाच हाती घ्या जेव्हा आकार विचित्र आहे, आउटपुटची जोडी कुठेच मिळत नाही, किंवा संख्या इतकी मोठी आहे की डिझाइनचा आणि प्रमाणपत्राचा एकदाचा खर्च प्रत्येक नगावर नगण्य होतो. वेळही धरा. नमुना, दुरुस्ती, पुन्हा नमुना, ईएमआय (विद्युत गोंगाटाची) चाचणी, सुरक्षा चाचणी, असे महिने जातात आणि यातली एकही पायरी घाईने होत नाही.

शिकताना मेन्सपासून लांब राहा

पहिला सप्लाय मेन्सवर (भिंतीतल्या एसीवर) चालणारा नसावा. बारा व्होल्टच्या बेंच सप्लायवर बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारा सप्लाय) बनवा. एलएम२५९६ ही १५० किलोहर्ट्झवर चालणारी ३ अँपिअरची जुनी आयसी त्यासाठी छान आहे, कारण तिचा वेग इतका बेताचा आहे की साध्या स्कोपवर सगळं स्वच्छ दिसतं. स्विच नोडचं (स्विच आणि इंडक्टर जुळतात त्या बिंदूचं) व्होल्टेज बघा. ड्युटी सायकल (प्रत्येक फेरीत स्विच चालू असण्याचा हिस्सा) साधारण आउटपुट भागिले इनपुट एवढी येते, बारातून पाच काढायचे तर ४२ टक्क्यांच्या आसपास, डायोडच्या ड्रॉपमुळे किंचित जास्त. हे पुस्तकात वाचणं आणि पडद्यावर इनपुट व्होल्टेजचं बटण फिरवताना पल्स आकुंचन पावताना बघणं, यात खूप अंतर आहे.

मग एक प्रयोग मुद्दाम करा. फेराइट कोअरवर, गॅप (कोअरमधली फट) न ठेवता, हाताने गुंडाळलेला इंडक्टर लावा आणि लोड हळूहळू वाढवा. इंडक्टरचा करंट आधी सरळ रेषेत चढतो. एका टप्प्यावर त्या रेषेचं टोक वर वाकायला लागतं, आणि आणखी थोडा लोड दिला की ते टोक सुईसारखं उभं राहतं. हेच सॅच्युरेशन. आता कोअरमध्ये दोन कागदाचे तुकडे घालून गॅप द्या आणि तोच प्रयोग पुन्हा करा. इंडक्टन्स कमी झालेला दिसेल, रेष जास्त तिरपी होईल, पण वाकणं खूप पुढे सरकलेलं असेल. एसएमपीएसमधलं निम्मं शहाणपण या दोन चित्रांत आहे. पुढे मेन्सवरचा मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) का फुटला हे शोधताना हेच चित्र डोळ्यापुढे येतं.

सिम्युलेशनसाठी एलटीस्पाइस मोफत आहे आणि पुरेसं आहे. फक्त आदर्श ट्रान्सफॉर्मर टाकून मिळालेल्या चित्रावर विश्वास ठेवू नका. कपलिंग ०.९८ किंवा ०.९९ टाका, म्हणजे लिकेजचे (दोन वाइंडिंग पूर्ण न जुळल्याने उठणारे) व्होल्टेजचे काटे तरी दिसतील.

एक फ्लायबॅक, आकड्यांसकट

आता खरं काम. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा, मेन्सवर चालणारा, आयसोलेटेड (आउटपुट मेन्सपासून विजेने वेगळं ठेवणारा) सप्लाय घेऊ. शंभरेक वॅटपर्यंत फ्लायबॅक सोपा आणि किफायतशीर पडतो. त्याच्या वर फॉरवर्ड, हाफ ब्रिज, एलएलसी अशा रचना येतात. ७५ वॅटच्या वर बऱ्याच उपकरणांना आयईसी ६१०००-३-२ च्या हार्मोनिक मर्यादांमुळे (मेन्समधून ओढलेल्या करंटच्या विकृतीवरच्या) पीएफसीही, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारा भागही, लावावा लागतो. शिकण्यासाठी चोवीस वॅट उत्तम.

इनपुट ८५ ते २६५ व्होल्ट एसी धरू, म्हणजे जगात कुठेही चालेल. २६५ चं शिखर ३७५ व्होल्ट होतं आणि ८५ चं १२०. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत ३० वॅट लागतील. रेक्टिफायरनंतरच्या मोठ्या कपॅसिटरसाठी रूढ नियम आहे: युनिव्हर्सल इनपुटला दर वॅटमागे २ ते ३ मायक्रोफॅरड. हा नियम येतो कुठून तेही बघा. ५० हर्ट्झवर दोन शिखरांच्या मध्ये साधारण ७ मिलिसेकंद कपॅसिटर एकटा लोड ओढतो. तेवढ्या वेळात ३० वॅटने ०.२१ जूल जातात. ६८ मायक्रोफॅरड असेल तर १२० व्होल्टवरून तो ९१ पर्यंत खाली येतो. म्हणून सर्वांत कमी डीसी ९० व्होल्ट धरायचं. कपॅसिटरची २० टक्के टॉलरन्स आणि वयोमान लक्षात घेता मी ८२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा लावते.

फ्रीक्वेन्सी ६५ किलोहर्ट्झ. हा आकडा बाजारातल्या इतक्या आयसींमध्ये का दिसतो, त्याला कारण आहे. विद्युत गोंगाटाच्या मर्यादा ठरवणाऱ्या सिस्पर ३२ मधली वायरीतून जाणाऱ्या गोंगाटाची मोजणी १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. ६५ ची दुप्पट १३०, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सी आणि तिची दुसरी हार्मोनिक, दोन्ही त्या सीमेच्या बाहेर राहतात. फिल्टर लहान होतो.

फ्लायबॅकमधला ट्रान्सफॉर्मर घागरीसारखा आहे: मॉस्फेट चालू असताना भरतो, बंद झाल्यावर सेकंडरीकडे रिकामा होतो. प्रत्येक फेरीत तो पूर्ण रिकामा होत असेल तर त्याला डिसकंटिन्युअस मोड म्हणतात. शिकताना हाच धरा, कारण फीडबॅक लूप स्थिर करणं यात बरंच सोपं जातं. सर्वांत कमी इनपुटला ड्युटी ०.४५ ठेवू.

प्रायमरी इंडक्टन्स = (९० × ०.४५) चा वर्ग ÷ (२ × ३० × ६५,०००). उत्तर ४२० मायक्रोहेन्री.

पीक करंट = ४०.५ ÷ (४२० मायक्रोहेन्री × ६५,०००). उत्तर १.४८ अँपिअर.

कोअर ईई२५ घेऊ, मधल्या पायाचं क्षेत्रफळ ५२ चौरस मिलिमीटर. एन८७ सारखं फेराइट २५ अंशांना ४९० मिलिटेस्लापर्यंत जातं, पण १०० अंशांना ३९० च्या आसपासच सॅच्युरेट होतं. डेटाशीटमध्ये मोठ्या अक्षरात छापलेला आकडा थंड कोअरचा असतो, तुमचा कोअर मात्र गरम असणार. म्हणून २५० मिलिटेस्ला धरायचं. वेढे = ४२० मायक्रोहेन्री × १.४८ ÷ (०.२५ × ५२ चौरस मिलिमीटर), म्हणजे ४८.

मॉस्फेट बंद असताना सेकंडरीचं व्होल्टेज प्रायमरीवर उलटं दिसतं. ते ९० × ०.४५ ÷ ०.५५, म्हणजे ७४ व्होल्टच्या आसपास हवं. आउटपुट १२ अधिक डायोडचे ०.७ धरून सेकंडरीचे वेढे ८.३ येतात, ते ८ करा. आता हे उलटं व्होल्टेज ७६ होईल, चालतं. कंट्रोलर आयसीला पुरवठा देणाऱ्या मदतनीस वाइंडिंगला ९ वेढे, तिथे साडेतेरा व्होल्टच्या जवळ मिळतात. इथे धरलेली कंट्रोलर आयसी यूसी३८४२ एकदा १६ व्होल्टला सुरू झाली की १० पर्यंत चालत राहते, म्हणून तिला हे आरामात पुरतं.

गॅप किती? गणिताने ०.३६ मिलिमीटर, मधल्या पायात. घासलेला कोअर मिळाला नाही आणि कागद घालून काम करायचं असेल तर तिन्ही पायांत निम्मा, म्हणजे ०.१८ मिलिमीटर जाडीचा कागद. शेवटी एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स मोजणाऱ्या मीटरवर) ४२० मायक्रोहेन्री येईपर्यंत जाडी बदला. गणित जवळ नेतं, खरा आकडा मीटर देतं.

करंट सेन्स रेझिस्टर ०.५६ ओहम. यूसी३८४२ ची मर्यादा १ व्होल्ट आहे, पण प्रत्यक्षात ती ०.९ ते १.१ अशी असते. खालच्या टोकाला १.६ अँपिअर मिळतात, म्हणजे पूर्ण लोड चालतो. वरच्या टोकाला १.९६ अँपिअर, आणि तेव्हा कोअर ३३० मिलिटेस्लावर असतो, गरम असतानाही सुरक्षित. पुरवठादाराला पुढे विचारायचा एक उत्तम प्रश्न इथेच तयार होतो: "करंट लिमिटच्या वरच्या टोकाला, १०० अंशांना, तुमचा कोअर किती मिलिटेस्लावर आहे?" ज्याने डिझाइन स्वतः केलंय तो लगेच आकडा सांगतो.

मॉस्फेटवर ३७५ व्होल्ट अधिक क्लॅम्पचं (लिकेजचे काटे रोखणाऱ्या भागाचं) व्होल्टेज येतं. क्लॅम्प १५० ला धरला तर ५२५ होतात, म्हणून ६५० व्होल्टचा मॉस्फेट. आउटपुट डायोडवर उलटे १२ अधिक ३७५ भागिले ६, म्हणजे ७४.५ व्होल्ट, आणि त्यावर थोडा काटा. १०० व्होल्टचा शॉट्की काठावर बसतो, मी १५० चा घेते.

आउटपुट कपॅसिटर निवडताना नवशिके मायक्रोफॅरड बघतात. इथे महत्त्वाचा आकडा आहे रिपल करंट, म्हणजे कपॅसिटरमधून सतत ये-जा करणारा करंट. या सप्लायमध्ये सेकंडरीचे त्रिकोणी पल्स ८ ते ९ अँपिअरचे असतात आणि कपॅसिटरमधून आरएमएस साधारण ३ अँपिअर वाहतो. एका कपॅसिटरला तो झेपत नाही. कमी ईएसआरचे (आतला रेझिस्टन्स कमी असलेले) दोन समांतर लावा आणि डेटाशीटमधला १०० किलोहर्ट्झचा रिपल आकडा तपासा.

गुंडाळणं

या भागाला घाई नको. माझ्या मते सप्लायचा दर्जा इथेच ठरतो, आणि कागदावरच्या सर्किटमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

प्रायमरी एकदम गुंडाळू नका. आधी २४ वेढे, त्यावर सेकंडरी, त्यावर उरलेले २४. अशा सँडविचमुळे लिकेज इंडक्टन्स बरीच कमी होते. ०.४ मिलिमीटरच्या तारेचे २४ वेढे ईई२५ च्या बॉबिनवर एका थरात बसतात, आणि थर पूर्ण सपाट बसला की वरचं सगळं नीट बसतं. जाड तार घेण्याचा मोह टाळा. ६५ किलोहर्ट्झवर तांब्यात करंट पृष्ठभागापासून साधारण ०.२६ मिलिमीटरपर्यंतच शिरतो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड तारेचा गाभा फुकट जातो. सेकंडरीला ट्रिपल इन्सुलेटेड तारेचे तीन-चार पदर एकत्र धरून आठ वेढे घाला.

ही ट्रिपल इन्सुलेटेड तार म्हणजे माणूस आणि मेन्स यांच्यामधली भिंत आहे. साधी इनॅमल तार वापरली तर बॉबिनच्या दोन्ही कडांना मार्जिन टेप आणि थरांमध्ये पॉलिस्टर टेपचे तीन फेरे लागतात. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर ६.४ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका, आणि तुमच्या उपकरणाच्या सुरक्षा प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) नेमका आकडा बघून घ्या. रुग्णाला लागणाऱ्या उपकरणांमध्ये ८ मिलिमीटर धरतात. बोर्डवर ऑप्टोकप्लरच्या (प्रकाशातून सिग्नल पलीकडे नेणाऱ्या भागाच्या) खाली खाच पाडायची ती याचसाठी.

गुंडाळून झाल्यावर सेकंडरीची टोकं एकमेकांना जोडा आणि प्रायमरीची इंडक्टन्स मोजा. ही लिकेज. ती ४२० च्या २ टक्के, म्हणजे ८ मायक्रोहेन्रीच्या आसपास असेल तर काम चांगलं झालं. तेवढ्या लिकेजमधली ऊर्जा क्लॅम्पमध्ये जाळावी लागते, साधारण १.२ वॅट, म्हणून १८ किलोओहमचा ३ वॅटचा रेझिस्टर. लिकेज दुप्पट झाली तर हे वॅटही दुप्पट होतात आणि तो रेझिस्टर बोर्ड काळा करतो. जुन्या सप्लायचं झाकण उघडल्यावर प्रायमरीजवळ बोर्ड करपलेला दिसला, तर मला सर्वांत आधी वाइंडिंगचा संशय येतो.

लेआउट आणि फीडबॅक, थोडक्यात

दोन वळसे लहान ठेवा: मोठा कपॅसिटर, प्रायमरी, मॉस्फेट, सेन्स रेझिस्टर आणि परत कपॅसिटर हा एक, सेकंडरी, डायोड, आउटपुट कपॅसिटर हा दुसरा. आयसीचं ग्राउंड सेन्स रेझिस्टरच्या पायाशीच एका बिंदूत जोडा. फीडबॅकला टीएल४३१ (संदर्भ व्होल्टेजची आयसी) आणि पीसी८१७ (ऑप्टोकप्लर) ही जुनी जोडी पुरते. ऑप्टोकप्लरचं ट्रान्सफर गुणोत्तर उष्णतेने आणि वयाने घटतं, तेव्हा नव्या तुकड्यावर काठोकाठ डिझाइन करू नका. लूप स्थिर आहे का हे बघायला महागडं यंत्र नसेल तर लोड ०.५ वरून १.५ अँपिअरवर झटक्यात बदला आणि आउटपुट बघा. एक उतार आणि शांतपणे परत येणं, हे उत्तम. दोन-तीनपेक्षा जास्त हेलकावे आले तर फेज मार्जिन (लूप स्थिर राहण्यासाठी हाताशी असलेली सवड) कमी आहे.

पहिल्यांदा चालू करताना

हा भाग शब्दशः पाळा. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला ४.३ जूल साठलेले असतात, आणि प्लग काढल्यावरही ते तिथेच असतात. हात लावण्याआधी मीटरने बघा आणि रेझिस्टर लावून रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. प्रायमरी बाजूला स्कोपची साधी प्रोब लावू नका, तिची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरन्शियल प्रोब हवीच. काही जण स्कोपच्या प्लगची अर्थ पिन तोडतात. मग स्कोपचं सगळं धातूचं अंग मेन्सच्या व्होल्टेजवर येऊ शकतं, आणि त्यावर आपला हात असतो. असं कधीही करू नका. खोलीत दुसरं माणूस असू द्या.

सुरुवात मेन्सवर करायचीच नाही. आयसीला बाहेरून १८ व्होल्ट द्या, मोठ्या कपॅसिटरच्या जागी बेंच सप्लायचे ३० व्होल्ट, आणि गेटचे पल्स, सेन्स रेझिस्टरचा त्रिकोण, सेकंडरीची दिशा तपासा. सेकंडरीचं टोक उलटं जोडलं गेलं असेल तर ते इथेच, काहीही न जळता कळतं. सगळं ठीक असेल तरच मेन्स, तेही सिरीज बल्ब लावून. बल्ब क्षणभर चमकून विझला की पुढे जा. पेटून राहिला तर लगेच बंद करा.

मग मोजणी. रिपल (आउटपुटवरचा बारीक चढउतार) बघताना प्रोबची लांब ग्राउंड वायर काढा, टोकाला स्प्रिंग लावा, स्कोपची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर आणा, आणि आउटपुटवर १० मायक्रोफॅरड व ०.१ मायक्रोफॅरड लावा. डेटाशीटमधले रिपलचे आकडे बहुधा याच पद्धतीने काढलेले असतात, तेव्हा तुलना याच पद्धतीने करा. तापमान पूर्ण लोडवर, सर्वांत कमी इनपुटला, तुमच्या खऱ्या खोक्यात झाकण लावून बघा. गुंडाळून झालेल्या वाइंडिंगच्या आत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घालता येत नाही. थंड असतानाचा आणि बंद केल्या केल्याचा रेझिस्टन्स मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २० टक्के वाढला तर वाइंडिंग सुमारे ५० अंशांनी तापलं.

आता विकत घ्यायला बसा

एवढं केल्यावर स्पेसिफिकेशनचं पान तुमचं तुम्हाला लिहिता येतं. इनपुटची रेंज, सरासरी आणि पीक करंट त्याच्या वेळेसकट, सप्लायच्या भोवतीचं तापमान (खोलीचं नव्हे, खोक्याच्या आतलं), हवा खेळते की नाही, मेन्स गेल्यावर किती मिलिसेकंद तग धरायचा, सुरू होताना समोर किती मायक्रोफॅरड असतील, शॉर्ट झाल्यावर आपोआप परत सुरू व्हायचं की नाही, आणि कुठलं सुरक्षा प्रमाण: साधारण इलेक्ट्रॉनिक्सला आयईसी ६२३६८-१, वैद्यकीय उपकरणांना आयईसी ६०६०१-१. लिकेज करंटही (मेन्सकडून आउटपुटकडे झिरपणारा) लिहा. प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये २.२ नॅनोफॅरडचा वाय कपॅसिटर असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून साधारण १६० मायक्रोअँपिअर वाहतात. टेबलावरच्या यंत्राला चालतं, रुग्णाच्या अंगाला लागणाऱ्या यंत्राला बहुधा नाही.

नमुना आल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, सर्वांत गरम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कुठला आणि तो किती अंशांवर आहे. दर १० अंश उतरले की त्याचं आयुष्य दुप्पट धरतात. १०५ अंशांना ५,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांना ८०,००० तास जातो, ८५ ला २०,००० च. एमटीबीएफचे (दोन बिघाडांमधल्या सरासरी वेळेचे) लाखो तास कागदावर छापलेले असतात, पण तो आकडा अचानक होणाऱ्या बिघाडांचा असतो, झिजेचा नाही. सप्लाय किती वर्षं टिकेल हे बहुतेक वेळा त्या एका कपॅसिटरच्या तापमानावरून कळतं.

नमुन्यावर तुमची सगळी मोजणी पुन्हा करा, आणि शिवाय हे: आउटपुट शॉर्ट करून तासभर ठेवा, मेन्स हळूहळू शून्यापर्यंत उतरवा आणि परत चढवा, पूर्ण लोडवर भराभर चालू-बंद करा. चांगल्या पुरवठादाराला याचा राग येत नाही. तो आपले निकाल आधीच पुढे ठेवतो.

करारात तीन गोष्टी पैशांच्या आधी लिहून घ्या. एक, डिझाइन कुणाचं: सर्किट, बोर्डच्या फाइली आणि ट्रान्सफॉर्मरचं ड्रॉइंग तुम्हाला मिळणार का. ट्रान्सफॉर्मरच्या ड्रॉइंगमध्ये थरांचा क्रम, टेपचे फेरे, गॅप आणि लिकेजची वरची मर्यादा लिहिलेली हवी, नुसते वेढे पुरत नाहीत. दोन, प्रत्येक नगाची हायपॉट चाचणी (उच्च व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणं) होणार आणि तिची नोंद मिळणार. तीन, एकही भाग बदलण्याआधी लेखी कळवून तुमची संमती घेणार.

या तिसऱ्या कलमासाठी मी नेहमी हटून बसते. एका पुरवठादाराच्या पुढच्या लॉटमध्ये आउटपुट कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचे, त्याच व्होल्टेजचे, पण निम्म्या रिपल करंटचे आले होते. आउटपुट बरोबर, रिपल मर्यादेत, चाचणीत सगळे पास. कपॅसिटरचा रंग वेगळा दिसला म्हणून झाकण उघडून थर्मोकपल लावला, तेव्हा तो १८ अंश जास्त गरम निघाला. मंजूर केलेला नमुना कपाटात जपून ठेवलेला होता, म्हणून शेजारी ठेवून तुलना करता आली. तेव्हा मंजूर नमुने दोन ठेवा, सील करून, तारीख टाकून, एक तुमच्याकडे आणि एक पुरवठादाराकडे. नवीन लॉट आला की त्यातला एक नग उघडा, नमुन्याच्या शेजारी ठेवा, भाग एकेक करून ताडून बघा, ट्रान्सफॉर्मरची लिकेज मोजा, आणि तासभर पूर्ण लोडवर चालवून त्या एका कपॅसिटरचं तापमान लिहून ठेवा.